पापुद्रा बळकट, सांधा कच्चा

ग्राफीनच्या एकेका पापुद्र्याचे बळ प्रयोगशाळेत निर्विवाद सिद्ध झाले आहे. मात्र अशा असंख्य पापुद्र्यांची फिल्म बनवली, की हे बळ जवळपास हजारपटीने घटते. ही तूट भरून काढण्याचे काम पॉलिमरचे मूठभर रेणू करू शकतात, असे गेल्या दीड दशकातील संशोधन सांगते. परंतु प्रत्येक सांध्याची काही किंमतही मोजावी लागते. ग्राफीनवर पैसा लावणाऱ्या सरकारांनी व उद्योगांनी हा हिशेब नीट समजून घेणे आवश्यक आहे.

आंद्रे गाइम आणि कॉन्स्टन्टिन नोव्होसेलॉव्ह यांना २०१० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्या वेळी प्रसिद्ध करण्यात आलेल्या शास्त्रीय टिपणात एक गमतीदार उदाहरण होते. एक चौरस मीटर ग्राफीनची झोळी दोन झाडांमध्ये बांधली, तर तिच्यात चार किलो वजनाचे मांजर निवांत झोपू शकेल, आणि त्या झोळीचे स्वतःचे वजन मांजराच्या मिशीच्या एका केसाइतके, म्हणजे एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी असेल! हे उदाहरण जगभर गाजले. ग्राफीनची विमाने, ग्राफीनची चिलखते, ग्राफीनचे पूल अशी स्वप्ने त्यानंतर रंगवली जाऊ लागली. तथापि, त्या उदाहरणातील अट फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही. झोळीचा तो पापुद्रा एकसंध आणि निर्दोष असला पाहिजे, ही ती अट होय. व्यवहारात लागणारी वस्तू अशी नसते. ती असंख्य लहान लहान पापुद्रे एकमेकांवर रचून करावी लागते, आणि तेथेच गणित फिसकटते.

हजारपटीची तूट

मँचेस्टर विद्यापीठातील या दोघांनी २००४ साली साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटचे थर सोलत सोलत एका अणूच्या जाडीचा पापुद्रा वेगळा केला, तो हा ग्राफीन. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली त्याची ताकद प्रत्यक्ष मोजली. सूक्ष्म छिद्रावर ढोलकीच्या कातड्यासारखा ताणलेला पापुद्रा अतिसूक्ष्म टोकाने दाबून फोडण्यात आला. उत्तर आले सुमारे १३० गिगापास्कल. बांधकामातील साधे पोलाद अर्ध्या गिगापास्कलच्या आसपासच तुटते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे अप्रूप कळते.

आता दुसरा आकडा पाहावा. त्याआधी एक वर्ष, २००७ साली, अमेरिकेतीलच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ग्राफीन ऑक्साइडच्या पापुद्र्यांचा 'कागद' तयार करण्यात आला. पाण्यात विखुरलेले पापुद्रे गाळणीवर गाळून घेतले, की ते एकावर एक बसत जातात आणि वाळल्यावर काळपट, लवचीक कागद हाती येतो. त्याची ताणशक्ती होती सुमारे १२० मेगापास्कल. एक गिगापास्कल म्हणजे हजार मेगापास्कल. म्हणजे एका पापुद्र्याच्या तुलनेत कागदाची ताकद हजारपटीने कमी!

हे बळ जाते कोठे? पापुद्र्याच्या आत कार्बनचे अणू एकमेकांना अत्यंत घट्ट बंधांनी जखडलेले असतात. परंतु एक पापुद्रा आणि त्याखालचा दुसरा पापुद्रा यांच्यामधील आकर्षण अगदी दुबळे असते. पेन्सिल कागदावर उमटते ती याच दुबळेपणामुळे, कारण शिशातील ग्राफाइटचे थर घसरून कागदावर राहतात. पत्त्यांचा अख्खा जोड हाताने फाडणे महाकठीण, पण त्यातील एक पत्ता बोटाने ओढून काढणे लहान मुलालाही जमते. ग्राफीनच्या फिल्मला ताण दिला की नेमके हेच घडते. पापुद्रे तुटत नाहीत, ते घसरतात. शिवाय रचताना पडलेल्या सुरकुत्या, राहून गेलेल्या पोकळ्या आणि कडांपाशी आलेल्या फटी यांतून भेगेला आयती वाट मिळते. तात्पर्य, फिल्मची ताकद पापुद्रा ठरवत नाही. ती ठरवतो दोन पापुद्र्यांमधील सांधा.

शिंपल्याचा धडा

हा प्रश्न निसर्गाने फार पूर्वी सोडवला आहे. मोती देणाऱ्या शिंपल्याच्या आतील चकचकीत थर सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूसारख्याच ठिसूळ द्रव्याचा बनलेला असतो. उरलेल्या पाच टक्क्यांत प्रथिने आणि कायटिन यांसारखे नैसर्गिक पॉलिमर असतात. खनिजाच्या सूक्ष्म चकत्या विटांसारख्या रचलेल्या आणि त्यांच्यामध्ये पॉलिमरचा चुना, अशी ही भिंत असते. या रचनेमुळे मूळ खनिजाच्या तुलनेत शिंपला फोडण्यासाठी हजारो पट अधिक ऊर्जा खर्च करावी लागते. ताण आला की मधला मऊ थर थोडासा सरकतो, ताणला जातो, धक्का पचवतो आणि भेगेला सरळ धावू देत नाही.

माणसालाही ही युक्ती नवी नाही. सावंतवाडीच्या गंजिफांच्या पानांना चिंचोक्याच्या खळीचे लेप देण्याची जुनी पद्धत आहे, आणि चिंचोक्याची खळ हेही एक पॉलिमरच होय. पॉलिमर, ज्याला मराठी शास्त्रीय परिभाषेत बहुवारिक म्हणतात, म्हणजे लहान रेणूंची लांबलचक साखळी. ती एकाच वेळी अनेक ठिकाणी चिकटू शकते आणि तुटण्यापूर्वी उलगडू शकते. सांध्याला हवे असलेले दोन्ही गुण, धरून ठेवणे आणि थोडे सैल सोडणे, तिच्यापाशी असतात.

ग्राफीनला मात्र ही खळ थेट लावता येत नाही. शुद्ध ग्राफीन पाण्यात नीट मिसळत नाही आणि त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर फारसे काही पकड घेत नाही. म्हणून संशोधक ग्राफीन ऑक्साइडकडे वळले. ग्राफाइटवर तीव्र ऑक्सिडीकारकांची क्रिया करून मिळणारे हे द्रव्य १८५९ पासून रसायनशास्त्राला परिचित आहे. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट आकड्यांसारखे बाहेर आलेले असतात. या आकड्यांत पॉलिमरची साखळी अडकवता येते.

खळीचे प्रकार

पहिला सोपा उमेदवार ठरला पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. सुतारकामातील पांढऱ्या गोंदात असणाऱ्या पॉलिव्हिनाइल ॲसिटेटपासून तयार होणारे हे पॉलिमर पाण्यात विरघळते आणि ग्राफीन ऑक्साइडशी हायड्रोजन बंधांनी जोडले जाते. असा एकेक बंध दुबळा असतो, पण त्यांची संख्या प्रचंड असते. शिवाय तुटलेला बंध शेजारी पुन्हा जुळू शकतो. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्याच संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले, की या पॉलिमरचा अणूंच्या मापाचा अतिपातळ थर एकेरी पापुद्र्यावर चढवला तरी त्याचा चिवटपणा वाढतो. भेग पडू लागली, की पॉलिमरच्या साखळ्या तिच्यावर पुलासारख्या पसरून तिला रोखतात.

दुसरा मार्ग कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारख्या धातूंच्या आयनांचा. हे आयन शेजारच्या पापुद्र्यांच्या कडांवरील ऑक्सिजनयुक्त गटांना एकत्र बांधतात. तिसरा मार्ग रासायनिक बंधांनी कायमचे टाके घालण्याचा. असे टाके घट्ट असतात. मात्र ते फार झाले तर फिल्म ताठर होऊन काचेसारखी तडकते.

खरी प्रगती झाली ती हे मार्ग एकत्र आणल्यावर. बीजिंगच्या बेहांग विद्यापीठातील छंग छुनफंग यांचा गट आणि डॅलस येथील टेक्सास विद्यापीठाचे रे बॉमन यांनी मिळून २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात दोन प्रकारचे सांधे क्रमाक्रमाने घालण्यात आले. आधी लांब साखळीचे रेणू रासायनिक बंधांनी जोडून ते अतिनील प्रकाशात एकमेकांत गुंफले गेले. नंतर ग्राफीनच्या पृष्ठभागाला सपाट चिकटून बसणारे रेणू सोडण्यात आले. फिल्मची ताणशक्ती ९४५ मेगापास्कलवर गेली. ऑक्सिजन कमी केलेल्या साध्या ग्राफीन फिल्मच्या तुलनेत ती साडेचारपट होती, तर चिवटपणा जवळपास आठपट. विशेष म्हणजे सर्व प्रक्रिया ४५ अंश सेल्सियसच्या खाली पार पडली. कार्बन तंतू तयार करण्यासाठी हजार अंशांहून अधिक तापमान लागते, हे येथे ध्यानात घ्यायला हवे.

याच वाटेवर पुढे २०२१ साली फिल्म ताणलेल्या अवस्थेत ठेवून तिच्यात सांधे घालण्यात आले. ताणामुळे सुरकुत्या सरळ होतात, आणि सांधे पडल्यावर त्या पुन्हा पडत नाहीत. ताकद गेली १.५५ गिगापास्कलवर. २००७ च्या कागदाशी तुलना केली तर ही सुमारे तेरापट वाढ आहे. तरीही एकेरी पापुद्र्याच्या बळाचा हा जेमतेम एक टक्का होय. या एका वाक्यात उमेद आणि सावधगिरी दोन्ही सामावलेल्या आहेत.

गाळणीने दिलेला धडा

सांध्याचे महत्त्व किती, हे दाखवणारी एक घटना या क्षेत्रातील प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. ग्राफीन ऑक्साइडच्या फिल्म पाण्यात टाकल्या तरी विरघळत नाहीत, असा अनेकांचा अनुभव होता. वास्तविक पाण्यात प्रत्येक पापुद्र्यावर ऋण विद्युतभार येतो आणि पापुद्र्यांनी एकमेकांपासून दूर पळायला हवे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील च्याशिंग ह्वांग यांच्या गटाने २०१५ साली हे कोडे उलगडले. त्या गटात कल्याण रायडोंगिया हे भारतीय संशोधकही होते. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या गाळणीवर केलेली फिल्म पाण्यात टिकत होती, टेफ्लॉनच्या गाळणीवर केलेली फिल्म मात्र विखरून जात होती. पहिल्या गाळणीतून झिरपलेले ॲल्युमिनियमचे आयन नकळत सांधे घालत होते! ग्राफीनचा म्हणून मानला गेलेला एक गुण प्रत्यक्षात गाळणीचा निघाला.

या शोधाने आधीच्या अनेक मोजमापांकडे नव्याने पाहणे भाग पडले. किंचित भेसळीने जर फिल्मचे वर्तन इतके बदलत असेल, तर ती कोणत्या पाण्यात, कोणत्या गाळणीवर आणि किती आर्द्रतेत बनवली हे सांगितल्याशिवाय ताकदीचा आकडा अपुराच राहतो.

सांध्याची किंमत

पॉलिमर मिसळले, की प्रश्न मिटला असे मात्र नाही. पहिली अडचण विजेची. ग्राफीनची ख्याती उत्तम विद्युतवाहक म्हणून आहे, तर बहुतेक पॉलिमर विद्युतरोधक असतात. दोन पापुद्र्यांमध्ये पॉलिमरचा जाड थर बसला, की विजेची वाट अडते. म्हणूनच मात्रा अल्प ठेवावी लागते. ग्राफीनला सपाट चिकटणारे रेणू निवडण्यामागेही हेच कारण आहे.

दुसरी अडचण पाण्याची. ग्राफीन ऑक्साइड आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल दोन्ही पाणी ओढून घेतात. कोरड्या प्रयोगशाळेत मोजलेली ताकद दमट हवेत टिकेलच असे नाही. मुंबई वा कोची यांसारख्या शहरांत वापरायच्या वस्तूंसाठी हा मुद्दा निर्णायक ठरतो.

तिसरी अडचण उष्णतेची. काही शे अंशांच्या पुढे सामान्य पॉलिमरचे विघटन होते. मोबाइल फोनमधील उष्णता पसरवण्यासाठी ग्राफीनच्या फिल्म वापरल्या जातात. चीनच्या हुआवेई कंपनीने २०१८ साली 'मेट २० एक्स' या फोनमध्ये अशी फिल्म वापरल्याची जाहिरात केली होती. परंतु उष्णतेचे उत्तम वहन करणारी फिल्म बनवण्यासाठी ती तीन हजार अंशांच्या आसपास भाजावी लागते. त्या भट्टीत पॉलिमरचा सांधा राहणे शक्य नाही. म्हणजे उष्णतावाहक फिल्म आणि बळकट फिल्म यांचे रस्ते वेगळे आहेत. एकच फिल्म सर्व काही करील, ही जाहिरातबाजी झाली.

चौथी अडचण सांडपाण्याची. ग्राफीन ऑक्साइड बनवण्याच्या १९५८ पासून रूढ असलेल्या हमर्स पद्धतीत तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट लागते. तयार माल पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. कारखान्याच्या पातळीवर या आम्लयुक्त पाण्याचे काय करायचे, याचा खर्च प्रयोगशाळेच्या शोधनिबंधात धरलेला नसतो.

गोड्या पाण्याची आशा

फिल्मला बळकटी देणे म्हणजे केवळ तिला तुटू न देणे नव्हे; काही ठिकाणी तिला फुगू न देणे अधिक मोलाचे ठरते. समुद्राच्या पाण्यातील मीठ गाळणाऱ्या पटलांबाबत हा अनुभव आला. ग्राफीन ऑक्साइडच्या थरांमधील अरुंद फटींतून पाणी जाते, परंतु पाण्यात बुडवल्यावर फिल्म फुगते, फटी रुंदावतात आणि मिठाचे आयनही निसटतात. मँचेस्टर विद्यापीठात मूळचे केरळचे राहुल नायर यांच्या गटाने २०१७ साली यावर उपाय दाखवला. फिल्म ठरावीक आर्द्रतेत ठेवून तिच्याभोवती इपॉक्सी या पॉलिमरचे घट्ट कोंदण करण्यात आले. त्यामुळे थरांमधील अंतर ०.९८ पासून ०.६४ नॅनोमीटरपर्यंत हवे तसे राखता आले. त्याच कामात ग्राफीनचे पापुद्रे मिसळून फुगण्यास आळा घातलेल्या पटलांनी ९७ टक्के मीठ अडवले.

९७ टक्के हा आकडा मोठा वाटतो. परंतु समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी सध्या वापरात असलेली पॉलिअमाइडची पटले ९९ टक्क्यांहून अधिक मीठ अडवतात. नव्या पटलाला बाजारात शिरायचे, तर जुन्याहून स्वस्त, टिकाऊ वा वेगवान व्हावे लागेल. पॉलिमर हा ग्राफीनचा साथीदार आहे, तसाच तो त्याचा प्रतिस्पर्धीही आहे.

पैसा कोठे लावायचा?

युरोपीय संघाने २०१३ साली ग्राफीनसाठी दहा वर्षांचा, एक अब्ज युरोंचा प्रकल्प हाती घेतला. ब्रिटनने मँचेस्टर येथे २०१५ साली राष्ट्रीय ग्राफीन संस्था सुरू केली. याच काळात जगभर ग्राफीन विकणाऱ्या कंपन्या उदयाला आल्या. सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० उत्पादकांचे नमुने तपासून २०१८ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष मात्र धक्कादायक होता. बहुतेक नमुन्यांत खरे ग्राफीन दहा टक्क्यांहून कमी होते, आणि एकाही नमुन्यात ते निम्म्याहून अधिक नव्हते. उरलेला माल म्हणजे बारीक केलेले ग्राफाइट! दहा थरांपर्यंतच ग्राफीन म्हणावे, अशी आंतरराष्ट्रीय व्याख्या २०१७ साली करण्यात आली. पापुद्र्यांच्या दर्जाची ही कथा असेल, तर सांध्यांच्या दर्जाची तपासणी किती होत असेल, हे सांगायला नको.

भारतापुढील प्रश्न या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. ग्राफाइट हे केंद्र सरकारने २०२३ साली जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांपैकी एक आहे. त्याच वर्षी, १ डिसेंबरपासून, चीनने ग्राफाइटच्या काही प्रकारांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. कच्च्या मालाची चिंता त्यामुळे रास्तच आहे. केरळचे डिजिटल विद्यापीठ, सी-मेट ही केंद्र सरकारची संस्था आणि टाटा स्टील यांनी मिळून केरळात ग्राफीनचे नवोन्मेष केंद्र उभे केले आहे. या सी-मेटचे मुख्यालय पुण्यात आहे. पॉलिमरशास्त्रात दीर्घ परंपरा असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही पुण्यातच आहे. म्हणजे पापुद्रा बनवणारे आणि सांधा जाणणारे दोघेही देशात आहेत. अनेकदा ते वेगवेगळ्या विभागांत, वेगवेगळ्या अनुदानांवर काम करतात, एवढेच.

किती टन ग्राफीन बनवले यावर यश मोजले, तर बारीक केलेल्या ग्राफाइटचे ढीग साठतील. ग्राफीनच्या एखाद्या उत्पादनाला सार्वजनिक पैसा देण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. पापुद्रे कशाने जोडले आहेत? ताकद बोटभर पट्टीवर मोजली की मीटरभर पटलावर? पावसाळी हवेत सहा महिने ठेवल्यावर ती किती उरली? सांधा घातल्यावर वीज किती वाहते? धुण्याच्या पाण्याची विल्हेवाट कोण लावणार? या प्रश्नांची उत्तरे चकचकीत नसतात आणि त्यांतून मांजराच्या झोळीसारखी बातमीही होत नाही. पण उत्पादन बाजारात उभे राहते ते या उत्तरांवरच.

कार्बन तंतूंचा इतिहास यासंदर्भात बोलका आहे. निव्वळ तंतूंचे विमान होत नाही. तंतूंना राळेत बसवण्याचे, त्यांच्या पृष्ठभागावर राळ पकड घेईल अशी प्रक्रिया करण्याचे आणि मोठे भाग निर्दोष घडवण्याचे शास्त्र कित्येक दशके घोटले गेले, तेव्हा कोठे बोइंग ७८७ या विमानाचे वजनाने निम्मे अंग अशा संमिश्र द्रव्याचे होऊ शकले. ग्राफीनच्या फिल्म आज त्या प्रवासाच्या आरंभी आहेत. २००७ ते २०२१ या १४ वर्षांत ताकद तेरापट वाढली, ती पापुद्रा सुधारल्यामुळे नव्हे, तर सांधा सुधारल्यामुळे. उरलेले अंतरही याच वाटेने कापावे लागेल, आणि त्यासाठी ग्राफीनइतकेच लक्ष त्याच्या खळीकडे द्यावे लागेल.